मतदार, स्त्री, एकतीस

“सापडली गं ताई,” बेबी फोनवर म्हणाली, आणि ताईला आनंद झाला नाही. आनंदाच्या जागी एक बारीक कळ आली, घास चावताना खडा लागावा तशी, आणि ती कळ जुन्या ओळखीची होती म्हणून ताई अधिकच चिडली. डोळ्यांच्या डॉक्टरनं सकाळी थेंब घातले होते. बाहुल्या ताणून मोठ्या झालेल्या. काळा चष्मा लावून ती खिडकीकडे पाठ करून बसली होती, आणि समोरच्या भिंतीवरचं घड्याळसुद्धा तिला पाण्यात बुडाल्यासारखं दिसत होतं. “कोण सापडली?” तिनं ठाऊक असून विचारलं. “कोण म्हणजे? आपली आई! मतदार यादीत! मी जिन्यात येऊन बोलतेय, आत बोलू देत नाहीत. अगं, तू मला दिलेल्या पानांतच होती की.” आपली. मावसबहिणीच्या तोंडात हा शब्द इतका सहज बसला होता, की तो कुठून तरी आणलेला आहे हे आता कुणाच्या ध्यानातही येत नसे. ताईच्या येई. “नीट पाहिलंस ना? नाहीतर दुसरंच कोणीतरी असेल.” “नीट म्हणजे अगदी ओळ शेवटपर्यंत वाचली, बाई. पण मी फोनवर सांगणार नाही कशी सापडली ते. उद्या ये आणि स्वतः बघ. मज्जा आहे!” बेबी पासष्टीची झाली तरी मज्जा म्हणताना दोन ज देत असे. फोन बंद झाला, आणि ताई त्या बुडालेल्या घड्याळाकडे बघत राहिली.

तू मला दिलेल्या पानांतच. हेच जास्त लागलं होतं. जुन्या मतदार याद्या वाचायच्या कशा हे बेबीला ताईनंच शिकवलं होतं. पहिलीच्या वर्गाला जन्मभर मुळाक्षरं शिकवलेल्या बाईला समोर कोणी अडाणीपणे बसलेलं बघवत नाही, तिथे वैरसुद्धा आड येत नाही. तिनं बेबीला वाचनालयातल्या लांब टेबलाशी बसवून सांगितलं होतं, की या याद्यांत नावं अक्षरांच्या क्रमानं नसतात, रस्त्यानं चालत गेल्यासारखी असतात. आधी डावी बाजू, मग उजवी. घराच्या आकड्यावर विसंबायचं नाही, कारण रस्ता रुंद केला तेव्हा आकडे बदलले. म्हणून माणूस शोधायचा असेल तर माणूस शोधायचा नाही, शेजारी शोधायचे. “घड्याळजी आठवतो ना? तो सापडला की त्याच्या पुढचं दार आपलं.” “म्हणजे मी घड्याळजीपाशी जायचं आणि तिथून हाक मारायची, एवढंच ना?” बेबी खिदळली होती, आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वाचत बसलेल्या गृहस्थांनी मान वर केली होती. मग ताईनं तिला एक गठ्ठा दिला. तो ताईनं स्वतः पहिल्याच आठवड्यात तपासून बाजूला ठेवलेला होता. “माझी कुठे नजर चुकली असेल तर बघ,” असं ती म्हणाली, पण नजर चुकली असेल असं तिच्या मनात नव्हतं. रडक्या मुलाला रिकाम्या पाटीवर रेघोट्या काढायला बसवावं, तसं तिनं बेबीला बसवलं होतं. बेबीनं गुडघे चोळत चोळत, सुस्कारे टाकत, पण एकेका ओळीवर पट्टी ठेवून तो गठ्ठा वाचला. आणि ताई इथे डोळ्यांत थेंब घालून आंधळ्यासारखी बसलेली असताना तिला तिथे आई सापडली.

ताई घराण्याची हकिकत लिहायला बसली होती, त्यालाही वर्ष होऊन गेलं होतं. वडिलांचं सगळं मिळालं: शाळेचा दाखला, नोकरीची पत्रं, चष्म्याच्या दुकानाची पावतीसुद्धा. दोन्ही काकांचंही मिळालं. त्या तिघांच्या मधोमध जी बाई उभी राहून स्वयंपाक करत होती, धुणी वाळत घालत होती, तिघांचे डबे भरत होती, तिचं मात्र काहीच नव्हतं. ती शाळेत गेली नव्हती, घर तिच्या नावावर नव्हतं. एकच फोटो, त्यात ती नेमकी हललेली. मतदार यादी हीच एक जागा होती, जिथे सरकारनं तिला एक माणूस म्हणून मोजलं असणार. ती ओळ ताईला हवी होती. नुसती हवी नव्हती, ती आपल्या बोटाखाली यायला हवी होती. आपण शोधली, आपल्याला मिळाली, आपली. या इच्छेत हकिकत किती आणि दुसरं काही किती, हे ताईनं स्वतःला कधी विचारलं नव्हतं. आता काळ्या चष्म्याआड, काहीच धड दिसत नसताना, ते दुसरं काही मात्र स्वच्छ दिसायला लागलं.

ताईनं आपल्या आईला जन्मात कधी आई म्हटलं नव्हतं. ती तिला वहिनी म्हणे. घरात दोन काका, ते वहिनी म्हणायचे. त्यांचे मित्र वहिनी म्हणायचे. शेजारचा घड्याळजी वहिनी म्हणायचा. वडील नुसतं अगं म्हणायचे. मूल बोलायला लागतं ते कानावर पडेल तेच बोलतं, तेव्हा ताई बोलायला लागली ती वहिनी म्हणूनच. सगळ्यांना भारी कौतुक वाटलं. पाहुण्यांपुढे तिच्याकडून ते म्हणवून घेत. अशा घरांत असं होतंच, कोणाची आई काकू असते, कोणाची अक्का असते, त्यात कुणाला काही कमी वाटत नाही. ताईलाही वाटलं नसतं. पण ती आठ वर्षांची होण्याच्या सुमाराला मावशी गेली आणि मावशीची मुलगी घरी राहायला आली. दोन वेण्या, कानाला कापसाचा बोळा, हातात एक पत्र्याचा डबा, त्यात काय होतं ते तिनं कधी कुणाला दाखवलं नाही. पहिल्याच सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती म्हणाली, “आई, मला तहान लागली.” तिला दुसरा शब्दच येत नव्हता, पाणी देणाऱ्या बाईला आई म्हणतात, एवढंच तिला ठाऊक. ताई तिथेच पाटावर बसून दूध पीत होती. वहिनीच्या हातातलं भांडं क्षणभर थांबलं. मग तिनं पाणी दिलं, आणि पदरानं त्या पोरीचं तोंड पुसलं. ताईचंही तोंड दुधानं माखलेलं होतं. ते तिचं तिनं पुसलं.

त्यानंतर एकदा, एकदाच, ताईनं प्रयत्न करून पाहिला. दुपारी वहिनी मागच्या बाजूला कपडे वाळत घालत होती. दोरीवर ओल्या चादरींच्या भिंती झाल्या होत्या आणि त्यांच्या मधल्या बोळात ताई हळूच तिच्या मागे जाऊन उभी राहिली. कोणी बघत नव्हतं. तिनं तोंड उघडलं, आ झाला, आणि पुढचं अक्षर आलंच नाही. ते जणू बेबीच्या त्या पत्र्याच्या डब्यात होतं आणि मागून घ्यायला हवं होतं. “आ… वहिनी, चिमटे देऊ?” ती म्हणाली. “दे,” वहिनी म्हणाली, तोंडात दोन चिमटे धरून. पुढे ताई शिक्षिका झाली, आणि रोज तक्त्यावर छडी ठेवून म्हणायला लागली: आ आईचा. समोर चाळीस तोंडं उघडत: आ आईचा. हजारो वेळा म्हटलं असेल. पण ते तक्त्यावरच्या चित्राचं नाव होतं. गोल कुंकू, गोल अंबाडा, कडेवर मूल. ती हाक नव्हती. लग्न तिनं केलं नाही. वर्गातली मुलं तिला बाई म्हणत, रस्त्यात भेटली तरी बाई म्हणत. बेबीला तीन मुलं झाली. त्यांची मुलं झाली. तिच्या घरात तो शब्द दिवसभर पायांत पायांत येत असे, आणि ती कंटाळून म्हणे, “अरे किती वेळा आई आई करताय, आई झिजली.” ताईला वाटे, झिजायला आधी असावी लागते.

आणि शेवटच्या आजारपणात काय झालं होतं! तेव्हा सगळं ताईनं केलं. औषधं, अंग पुसणं, नखं कापणं, रात्रंदिवस खुर्चीवर बसणं. बेबी रविवारी यायची, मुलांचं आवरून, धापा टाकत, आणि दारातूनच, “आई गं, कशी आहेस?” म्हणायची, आणि उशीवरचा तो सुकलेला चेहरा, जो आठवडाभर ताईनं चमच्याचमच्यानं भरवून जगवलेला असे, तो दाराकडे वळायचा. दवाखान्यातली नर्स नवीन होती. ताई वहिनी वहिनी करताना ऐकून तिनं मायेनं विचारलं होतं, “तुम्ही नणंद ना यांच्या? भाग्यवान आहेत हो, कोणती नणंद इतकं करते! आणि ती रविवारी येते ती मुलगी?” ताई हो म्हणाली होती. तेव्हा तिला खुलासा करायचा कंटाळा आला असं तिनं नंतर स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तिला पाहायचं होतं, की उशीवरचा चेहरा तरी नाही म्हणतो का. त्याला ऐकूच आलं नव्हतं बहुतेक. बहुतेक.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड ऑफिसच्या वाचनालयात बेबी आधीच येऊन बसली होती. तिनं पिशवीवर पिशवी ठेवून ताईसाठी खुर्ची अडवून ठेवली होती. “डोळे कसे आहेत? दिसतंय ना? नाहीतर मी वाचून दाखवते.” “मला वाचता येतं,” ताई म्हणाली. गठ्ठा उघडा होता. पिवळ्या, कडा खाल्लेल्या कागदावर छापखान्यातले बारीक खिळे जुळवून छापलेले रकाने: घर, मतदाराचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, पुरुष की स्त्री, वय. बेबीनं पट्टी ठेवली. घड्याळजी, त्याची बायको. पुढचं घर. ताईचे वडील, मोठा काका, धाकटा काका. आणि त्यांच्या खाली, चौथ्या ओळीत, नावाच्या रकान्यात छापलेलं: आई. ताईनं ती ओळ आधी पाहिलेली होती. नुसती पाहिली नव्हती, तिच्या वहीत त्या ओळीपुढे तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं: आजी. तीन भाऊ आणि खाली त्यांची आई, म्हणजे आजी, इतकं ते सरळ होतं. आजी तर ताईच्या जन्माआधीच गेलेली; पण गेलेल्यांची नावं वर्षानुवर्षं याद्यांतून काढली जात नाहीत हे ताईला इतकं पक्कं ठाऊक होतं, की ती पुढे वाचायला थांबलीच नव्हती. कमी शिकलेलं कोणी असतं तर थांबलं असतं. बेबी थांबली होती. तिनं पट्टी डावीकडून उजवीकडे सरकवली: पतीचं नाव, ताईच्या वडिलांचं. स्त्री. वय एकतीस. “ओळ शेवटपर्यंत वाचा,” ताई मुलांच्या डोक्यावर टपली मारून सांगायची.

“मला तो माणूस आठवतो,” बेबी खालच्या आवाजात पण घाईघाईनं सांगत होती. “वही घेऊन आलेला. मला गालगुंड झालं होतं म्हणून मी घरी होते, तू शाळेत. दार मी उघडलं. घरात कोण कोण म्हणाला, तर मी पुरुषांची नावं सांगितली, ती काकांनी पाठच करून घेतली होती, हरवलीस तर सांग म्हणून. मग म्हणाला, आणि बाई कोण? मी म्हटलं, आई. तो म्हणाला, नाव काय? मी म्हटलं, आई! त्यानं लिहून घेतलं, शहाणा!” “आणि वहिनी कुठे होती?” “आतच की. हात पिठात होते तिचे. ऐकत होती, हसत होती.” “तिनं दुरुस्त नाही केलं?” “नाही ना!” बेबीचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती, तिला हे दोन्ही एकदम जमत असे. ताईला वाटलं, ही सगळं रचून सांगतेय. सहा वर्षांच्या मुलीला काय आठवणार, गालगुंड आणि पीठ! पण कागद रचलेला नव्हता. त्या घरात पाच माणसं तिला वेगवेगळ्या शब्दांनी बोलावत होती, आणि हा शब्द फक्त एकाच तोंडातून निघत होता. दार ताईनं उघडलं असतं तर तिथे वहिनी छापलं गेलं असतं. तेही चूकच, पण आपली चूक झाली असती. सरकारनं एकदाच, पहिल्यांदा, त्या बाईला कोण म्हणून विचारलं, तेव्हा ताई शाळेत बाकावर बसून शुद्धलेखन गिरवत होती. आणि ती बाई आत हसत होती. कोणत्या तऱ्हेचं ते हसू होतं हे ताईला हवं होतं. तेही बेबीकडेच होतं.

“पण एक घोटाळा आहे,” बेबी म्हणाली. “शिक्क्याची नक्कल हवी म्हणून मी काल खिडकीवर विचारलं. तर त्या बाई म्हणतात, मुलगा-मुलगी किंवा नातवंडं, एवढ्यांनाच. भाची चालत नाही म्हणे. जशी काही मी फाटकी नोट!” ताईला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की तिनं बेबीच्या पाठीवर हात ठेवला. कुठेतरी, कुठल्यातरी नियमात, कोणीतरी फरक लिहून ठेवला होता. “तू अर्ज कर ना ताई,” बेबी म्हणाली. “तुझ्यासाठी काढशीलच, तेव्हा माझ्यासाठीपण एक. मी फ्रेम करीन.” “बघू,” ताई म्हणाली. बघू म्हणजे नाही, हे बेबीला लहानपणापासून कळत होतं. ती काही वेळ पट्टीच्या कडेवरून नख फिरवत राहिली. मग हसायचं थांबवून म्हणाली, “ताई, तिचा फोटो तुझ्याकडे आहे. चष्मा तुझ्याकडे. शिवणाची पेटी तुझ्याकडे. मी कधी काही मागितलं का गं? मला वाटायचं, तू पोटची. मी कशी मागणार.” ताईनं तिच्याकडे पाहिलं. बेबीच्या कानामागे केसांचा रंग उडून पांढरी पट्टी दिसत होती. पोटची हा शब्द ती मत्सरानं म्हणत होती. साधा, स्वच्छ, आयुष्यभर दाबून ठेवलेला मत्सर. ताईला तो लगेच ओळखू आला, कारण तसाच तिच्या घरात होता. हिला माझ्याबद्दल! कशाबद्दल, चष्म्याबद्दल? आणि तुझ्याकडे हाक होती, असं ताईच्या ओठांवर आलं. “चल,” ती म्हणाली, “खिडकी बंद होईल.”

खिडकीला जाड काच होती आणि बोलायची फट कमरेएवढ्या उंचीवर, म्हणजे बोलायचं तर माणसानं वाकायलाच हवं. बेबी गुडघ्यांमुळे मागच्या बाकावर बसली. तिथे आणखी दोन-तीन बायका आपापले कागद मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आतल्या बाई मान वर न करता संगणकावर टाइप करत होत्या. “अर्जदाराचं नातं?” “मुलगी,” ताई म्हणाली. हे तिला मोठ्यानं म्हणायला आवडलं. जरा जास्तच मोठ्यानं झालं. “नोंदीतलं नाव?” ताईनं आईचं खरं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. “या पानावर असं कोणी नाही. जसं छापलंय तसंच सांगा, नाहीतर नक्कल निघायची नाही.” ताई थांबली. मग म्हणाली, “आ. आणि पुढे दीर्घ ई.” “अहो, अक्षरं नकोत, शब्द सांगा. आणि जरा मोठ्यानं, काच आहे मध्ये.”

ताई फटीपर्यंत वाकली. आपण तक्त्यासमोर उभ्या आहोत, हातात छडी आहे, असं तिनं मनाशी धरलं, वर्गाचा आवाज घशात आणला आणि म्हणाली. पण निघाला तो वर्गाचा आवाज नव्हता. ई लांब ओढलेली, शेवटाला किंचित खाली सोडलेली, पाणी मागणारी. तो अगदी हुबेहूब बेबीचा होता. दुसरा असणार तरी कुठून? हा शब्द हाक म्हणून कसा म्हणतात हे ताईनं एकाच माणसाच्या तोंडून ऐकलं होतं, आयुष्यभर कान देऊन, दात खात खात, आणि इतकं जीव लावून कोणी धडा गिरवला तर तो येतोच. बाकावरच्या एका बाईनं चमकून मान वळवली. आणि बेबी, पिशवीत चष्म्याचं घर शोधत असलेली, न बघता, सवयीनं, म्हणाली, “ओ?”

म्हणाली आणि लगेच तिनं जीभ चावली. “अगं बाई, मला वाटलं…” ताईनं मागे वळून पाहिलं नाही. वाकल्यामुळे तिच्या पाठीत उसण भरली होती, आणि काचेवर तिच्या श्वासाचा पुसट गोल उमटला होता, तो आक्रसत चालला होता. कुणीतरी ओ दिली होती. चुकीच्या माणसानं, चुकीच्या खोलीत, पण दिली होती. आणि ताईला राग यायला हवा होता तो वेळेवर आला नाही, उशिरा, अर्धाच आला.

“सापडली नोंद,” आतल्या बाई म्हणाल्या. “नक्कल एकच ना?”

“दोन,” ताई म्हणाली. मग पुन्हा वाकून, मागे ऐकू जाणार नाही इतक्या खालच्या आवाजात, पण काचेतून जाईल इतक्या ठामपणे म्हणाली, “आणि हे बघा, शिक्का ज्याच्यावर नीट उठेल, ती माझी.”